पाँडिचेरीतील गरम पाण्याचा ऐतिहासिक प्रश्न

ऐतिहासिक वास्तूत थाटलेल्या छोट्या हॉटेलात पाहुण्याने गरम पाण्याची चौकशी केली की उत्तरादाखल त्याला इमारतीचे शतक सांगितले जाते. या पद्धतीचा उगम नेमका कोठे झाला हे सांगणे कठीण असले, तरी ती परिपूर्ण अवस्थेत पाहायची असेल तर पुदुच्चेरीस जावे, याविषयी तेथे राहून आलेल्यांत दुमत दिसत नाही. (२००६ साली कागदोपत्री पाँडिचेरीचे पुदुच्चेरी झाले, मराठी माणूस मात्र अजून पाँडिचेरीच म्हणतो, आणि तिकडे एक रात्र जरी काढून आला असेल तर नुसतेच ‘पाँडी’.) “नळाला गरम पाणी येत नाही,” अशी तक्रार केल्यास “सर, बिल्डिंग अठराव्या शतकातली आहे,” असे नम्र उत्तर मिळते. लिफ्ट कोठे आहे, या प्रश्नालाही तेच उत्तर मिळते आणि ते निदान तर्काला धरून असते. परंतु उशीला दमट वास का येतो, माणसे चार असताना टॉवेल दोनच का, आणि चहा सांगून पाऊण तास का झाला, या प्रश्नांनाही जेव्हा अठरावे शतकच पुढे केले जाते, तेव्हा त्या शतकातल्या लोकांनी पुढच्यांची फारच गैरसोय करून ठेवली आहे, अशी पाहुण्याची समजूत होऊ लागते. बिल तेवढे चालू शतकातले असते. ते संगणकातून निघते, त्यावर जीएसटी असतो आणि ते मागण्यापूर्वीच येते.

या व्यवहाराचा अभ्यास करण्यासाठी भिलाईच्या नेहरू नगरातील निवृत्त मराठी कुटुंब हा नमुना विशेष सोयीचा आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि नागपूर, वर्धा, अमरावती या बाजूची मराठी मंडळी नोकरीसाठी तिकडे गेली. परमुलखात जातो आहोत असे त्यांना फारसे वाटण्याचे कारण नव्हते, कारण १९५६ पर्यंत भिलाई आणि नागपूर एकाच प्रांतात होते. ही मंडळी व पुढे त्यांची मुले सेक्टरांतल्या क्वार्टरांत, म्हणजे कारखान्याने क्रमांक घालून दिलेल्या घरांत, आयुष्य काढून निवृत्तीनंतर नेहरू नगरासारख्या वस्तीत स्वतःचे घर बांधती झाली. या घरांचे वैशिष्ट्य असे की, क्वार्टरात जे जे नव्हते ते ते सर्व त्यांत घालून घेतलेले असते: प्रत्येक न्हाणीघरात गीझर, प्रत्येक मजल्यावर संडास, गुडघ्यांचा विचार करून बेताच्या उंचीच्या पायऱ्या, आणि भिंतीला ओल धरू नये म्हणून मालकाने स्वतः उभे राहून करून घेतलेले वॉटरप्रूफिंग. अशा घरातून निघून, दुर्गहून चेन्नईपर्यंत रेल्वेने आणि पुढे दीडशे किलोमीटर मोटारीने प्रवास करून, यांपैकी एकही गोष्ट नसलेल्या इमारतीत घसघशीत भाडे भरून राहायला माणसे का जातात, हा प्रश्न मानवशास्त्राचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरचे सगळेच या मानवांत मोडत असल्यामुळे त्याला तटस्थ उत्तर मिळण्याची आशा कमी आहे.

तात्कालिक कारण बहुधा शेजारी असतो. नेहरू नगर पश्चिमेच्या कोणीतरी पिवळ्या भिंतीपुढे, बोगनवेलीखाली, उन्हात डोळे बारीक करून काढून घेतलेले छायाचित्र सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पडते आणि नेहरू नगर पूर्वेस रात्री झोप लागत नाही. मग बेंगळुरूच्या चिरंजीवास फोन जातो. चिरंजीव हॉटेल नक्की करतात आणि भाडे सांगतात; त्यावर वडील काही काळ नुसते ऐकत असल्याचे फोनवर जाणवते.

“एवढ्यात तर आम्ही कंपनीच्या गेस्ट हाउसात महिना काढला असता.”

“बाबा, ते गेस्ट हाउस असतं. हा एक्सपिरियन्स आहे.”

पैसे भरल्यावर ज्याची पावती मिळते पण ज्याबद्दल तक्रार करता येत नाही, अशा सेवेस हल्ली एक्सपिरियन्स म्हणतात. सार्वजनिक क्षेत्रात पस्तीस वर्षे काढलेल्या अभियंत्यास ही कल्पना अगदीच अपरिचित नसते, पण तिचे पैसे द्यावे लागतात हे त्याला नवीन असते.

पाँडिचेरीच्या जुन्या शहराचे दोन भाग आहेत. समुद्राकडचा तो व्हिल ब्लाँश, म्हणजे पूर्वीची गोऱ्यांची वस्ती, आणि मधल्या कालव्यापलीकडचा तो तमिळ लोकांचा. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे असून ही आखणी, १६९३ ते १६९९ या काळात शहर डचांच्या ताब्यात होते, तेव्हाची मानली जाते. भिलाईकरास हे पाहून हायसे वाटते. “हे तर आपल्या सेक्टरसारखंच आहे,” असे तो पहिल्याच वळणावर जाहीर करतो आणि दुसऱ्या वळणावर रस्ता चुकतो, कारण येथे स्ट्रीट नंबर नसून निळ्या पाट्यांवर गव्हर्नरांची, सेनापतींची आणि संतांची फ्रेंच नावे असतात. हॉटेल सापडते तेव्हा त्याचा दरवाजा घोडागाडी आत जाईल एवढा मोठा आणि बंद असतो. माणसांसाठी त्यातच एक खिडकीवजा दार ठेवलेले असते, ज्यातून वाकून आत शिरताना सुटकेसचे चाक उंबऱ्यात अडकते, आणि ते निघेपर्यंत कुटुंबप्रमुख अर्धा हिंदुस्थानात व अर्धा फ्रान्समध्ये असतो.

आत गेल्यावर जे घडते ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे भाग आहे. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसले कर्नाटकात उतरले, त्यांनी त्रिचनापल्ली घेतली आणि तेथला सत्ताधीश चंदासाहेब यास कैद केले. चंदासाहेबाच्या कुटुंबाने पाँडिचेरीत आसरा घेतला होता. ते कुटुंब आणि सोबत खंडणी आमच्या हवाली करा, असा निरोप रघूजींनी फ्रेंच गव्हर्नर द्यूमा याच्याकडे पाठवला. द्यूमाने नकार दिला. पुढचा भाग जुन्या फ्रेंच बाजूच्या इतिहासांत चवीने सांगितलेला आढळतो, तो असा की, बोलणी करायला आलेल्या मराठा वकिलास त्याने तटबंदी आणि तोफा दाखवल्या व निघताना नान्त शहरच्या गोड मद्याच्या काही बाटल्या भेट दिल्या. त्या बाटल्या रघूजींच्या गोटात, तेथून जनान्यात पोहोचल्या, तिकडून आणखी मागणी आली, ती पुरवण्यात आली, आणि खंडणीचे बोलणे हळूहळू थंडावले. कथा खरी असो वा रचलेली, एवढे नक्की की रघूजींनी पाँडिचेरी घेतली नाही. त्याच सुमारास त्यांचे सरदार भास्करपंत यांनी रतनपूरवर चाल केली व पुढे छत्तीसगड भोसल्यांकडे आले, म्हणजे द्यूमाच्या बाटल्यांचा भिलाईशी दूरचा का होईना पण संबंध पोहोचतो. द्यूमाच्या नावाचा रस्ता व्हिल ब्लाँशमध्ये आजही आहे. त्याची युक्तीही शिल्लक आहे. तिला आता वेलकम ड्रिंक म्हणतात.

नेहरू नगरी कुटुंबप्रमुख स्वागतकक्षाशी येतो तो खंडणी वसूल करण्याच्याच तयारीने. ऑफ सीझन आहे, चार दिवसांचे भाडे एकदम देतो आहोत, सीनियर सिटिझन आहोत, चिरंजीवांनी ऑनलाइन पाहिले तेव्हा यापेक्षा कमी होते, असे मुद्दे त्याने गाडीतच क्रमाने लावलेले असतात. तो पहिल्या मुद्द्यासाठी तोंड उघडणार, इतक्यात पितळी तबकातून गवती चहाचे थंडगार सरबत पुढे येते, ज्याच्या कडेला लिंबाची चकती खोचलेली असते.

“सर, आधी हे घ्या. प्रवासातून आलात.”

सरबत घेतल्यावर घासाघीस करणे बरे दिसत नाही, असे कुटुंबप्रमुखाच्या पत्नीस वाटते. “अहो, राहू द्या ना आता,” असे ती दबक्या आवाजात म्हणते, दुसरा ग्लास घेते, आणि दोनशेऐंशी वर्षांनंतरही फ्रेंचांच्या बाजूने निकाल लागतो.

अशा हॉटेलांत खोल्यांना क्रमांक नसून नावे असतात. आयुष्यभर सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर यांवर जगलेल्या माणसास ‘द्यूप्ले’, ‘लाली’ असे पत्ते आधी खोटे वाटतात. द्यूप्ले हा १७४२ पासून १७५४ पर्यंतचा महत्त्वाकांक्षी गव्हर्नर. त्याच्या नावाची खोली वरच्या मजल्यावर, सज्जा असलेली आणि महागडी, आणि ती कोणा दुसऱ्याला दिलेली असते. लाली या फ्रेंच सेनापतीने इंग्रजांना शहर स्वाधीन केले आणि त्याबद्दल १७६६ साली पॅरिसमध्ये त्याचे मस्तक उडवण्यात आले. नेहरू नगरास मिळते ती त्याची खोली, जिन्याच्या पोटाशी. खोलीत शिसवी पलंग असतो, त्याला चार खांब आणि मच्छरदाणी असते, आणि उंची अशी असते की चढण्यासाठी लाकडी चौरंग ठेवावा लागतो. आजी पहिल्या रात्री चढतात त्या सकाळीच उतरतात. मध्ये तहान लागली तर काय करायचे, या चिंतेने त्या तांब्या उशाशी घेऊन झोपतात आणि तांब्या रात्री आपल्या परीने उतरतो.

खुर्च्या भरपूर असतात. त्यांतल्या वेताच्या दोन सुबक खुर्च्यांवर ‘कृपया बसू नये, प्राचीन वस्तू’ अशा पाट्या, कपाटावर ‘कृपया उघडू नये’, आणि लिहिण्याच्या मेजावर काच व काचेखाली ‘कृपया काही ठेवू नये’. सगळे कुटुंब सामान मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर ओळीने बसते व समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहते. खुर्चीवर बसता येत नसेल तर ती खोलीत कशासाठी, असा प्रश्न सूनबाईंनी विचारलाच, तर स्वागतकक्षातून कळते की, ती बघण्यासाठी आहे. आणि पाठोपाठ सरबत येते.

निवृत्त अभियंत्याचा खरा आनंद मात्र छतात असतो. पाँडिचेरीच्या जुन्या घरांत ज्याला मद्रास टेरेस म्हणतात ते छत आढळते. त्यात जवळजवळ टाकलेल्या सागवानी तुळयांवर पातळ विटा तिरप्या ओळींत कडेवर उभ्या बसवून चुन्यात जोडतात व वर चुन्याचाच कोबा करतात. लोखंडाचा तुकडाही न वापरता दोन शतके उभे असलेले छत पाहून, रेल्वेच्या रुळांसाठी देशभर माहीत असलेल्या कारखान्यातला माणूस अस्वस्थ होतो. तो चौरंगावर उभा राहून छत्रीच्या टोकाने एकेक तुळई वाजवतो, मान हलवतो, वहीत काही लिहितो, आणि रात्री जेवताना “तिसरी तुळई संशयास्पद आहे” असे सांगून आजींचा पलंग पहिल्या तुळईखाली सरकवायला लावतो. त्याच्या संशयास अगदीच आधार नसतो असे नाही, कारण समुद्रकाठची, एकोणिसाव्या शतकात बांधलेली शहराची प्रसिद्ध मेरी, म्हणजे नगरपालिकेची इमारत, २०१४ च्या नोव्हेंबरातल्या पावसात खरोखरच कोसळली होती व नंतर ती पूर्वीच्याच रूपात पुन्हा बांधावी लागली. भिंतींची गोष्ट निराळी. त्यांच्या आरशासारख्या गुळगुळीत गिलाव्यास चुनम म्हणतात. शिंपल्यांच्या चुन्यात गूळ, दही, अंड्याचा पांढरा बलक असे पदार्थ घालून तो घोटण्याची रीत होती, ही माहिती चिरंजीव मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवतात, आणि ‘अंड्याचा’ हा शब्द ऐकताच भिंतीला टेकून जप करत असलेल्या आजी ताठ बसतात. नुकताच पहिल्या तुळईखाली आणलेला पलंग मग भिंतीपासून हातभर अलीकडे, म्हणजे बरोबर तिसऱ्या तुळईखाली येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सकाळी सहा वाजता अंघोळ ही नेहरू नगरात पहिल्या पाळीच्या भोंग्याबरोबर लागलेली सवय असून ती निवृत्तीने सुटत नाही. हॉटेलात पंजांच्या पायांचा, ओतीव लोखंडाचा, होडीएवढा टब असतो, बादली नसते. टब भरण्याइतके गरम पाणी इमारतीत एकाच वेळी कधीच नसते, आणि टबात बसून अंगावर पाणी कसे घ्यायचे याविषयी कुटुंबात मतभेद असतात. बादली मागितल्यावर चकचकीत चांदीच्या रंगाची, चिमट्यासह, बर्फाची बादली येते. तिच्यात दोन तांबे पाणी मावते. तेव्हा अभियंता ज्ञानाच्या बळावर उभा राहतो आणि पुढील ऐतिहासिक संवाद घडतो.

“गरम पाणी येऊनच नाही राहिलं.”

“सर, बिल्डिंग १७४० ची आहे.”

“कशी असेल? १७६१ मध्ये इंग्रजांनी सगळं शहर पाडून टाकलं. १४ जानेवारीला पानिपत झालं, आणि एक-दोन दिवसांत इकडे तुमचा लाली शरण गेला. ते त्यानंतरच. फ्रेंचांना शहर परत मिळालं १७६५ मध्ये. मग १७४० ची बिल्डिंग उरली कुठून?”

स्वागतकक्षातला तरुण थोडा विचार करतो. “बरोबर आहे, सर,” तो म्हणतो, “तेव्हापासूनच पाण्याचा प्रॉब्लेम आहे.”

वाद जिंकून अंघोळ मिळत नाही, हे लक्षात आल्यावर सुटकेसच्या तळातून पाणी तापवायचा रॉड निघतो. चिवडा, मेतकूट, ठेचा आणि रॉड यांवाचून नेहरू नगर प्रवासास निघत नाही. धातूच्या भांड्यात रॉड सोडणे धोक्याचे, म्हणून सुरक्षिततेचा आग्रह असलेला अभियंता फरशी पुसणाऱ्या बाईंची प्लास्टिकची बादली विनंती करून मिळवतो, ती तीनदा धुऊन घेतो, रॉड लावतो आणि इमारतीचा दक्षिणेकडचा सगळा भाग अंधारात जातो. पहाटेची वेळ, जाड भिंती आणि लाकडी झडपांच्या खिडक्या यांमुळे अंधार दाट असतो. कर्मचारी जिन्यावर मेणबत्त्या लावतात. ‘द्यूप्ले’ खोलीतले दिल्लीचे दांपत्य बाहेर येते, मेणबत्त्यांची रांग पाहते आणि हा हॉटेलचा खास कार्यक्रम असावा असे समजून टाळ्या वाजवते. अभियंता त्या वेळी ओल्या पंचात, चपला न घालता, स्विचबोर्डापुढे उभा असतो. कोणता फ्यूज उडाला हे त्याला नेमके ठाऊक असते, आणि ते सांगितल्यास तो कोणी उडवला हेही कळेल हेही ठाऊक असते. त्यामुळे तो अनोळखी माणसाच्या उत्सुकतेने “काय झालं?” असे विचारतो. पुढे तो फ्यूज बसवूनही देतो आणि हॉटेलच्या कृतज्ञतेस पात्र होतो.

न्याहारीस फ्रेंचमध्ये पेती देज्यूने म्हणतात आणि ती भाड्यात धरलेली असते. भाड्यात धरलेली वस्तू सोडायची नाही या तत्त्वावर कुटुंब चौकातल्या, म्हणजे मधल्या उघड्या अंगणातल्या, टेबलाशी बरोबर साडेसातला हजर असते. येथे पोहे नसतात. बगेत नावाची हातभर लांब पोळीवजा नव्हे तर काठीवजा पावाची लगड, क्रोआसाँ म्हणजे लोण्याचे थर देऊन केलेला चंद्रकोरी पाव, मुरंबा आणि लोणी एवढ्यावर फ्रान्स दुपारपर्यंत कसा तग धरतो, याची चर्चा होते. कुटुंबप्रमुख बगेत चावताना दाढेवरच्या कॅपची आठवण येऊन थांबतो. सूनबाई क्रोआसाँचे छायाचित्र घेण्यात ते गार करून टाकतात. आजी मात्र कोणाकडे न पाहता बगेतचा तुकडा मोडतात, त्याला लोणी लावतात, दुधाळ कॉफीच्या रुंद वाडग्यात बुडवतात आणि ठिबकण्यापूर्वी मान खाली नेऊन खातात.

“आई, अहो, इथे असं बुडवून खात नाहीत,” सूनबाई कुजबुजतात. “लोकं बघून राहिले.”

लोक खरोखरच बघत असतात. पलीकडच्या टेबलावर आजींच्याच वयाच्या एक फ्रेंच बाई असतात. त्यांच्यासमोरही तसाच वाडगा असतो आणि त्यांचाही लोणी लावलेला तुकडा अर्धा कॉफीत बुडालेला असतो, कारण फ्रान्समध्ये घरोघरी सकाळची रीत हीच आहे. दोघी एकमेकींकडे पाहतात. फ्रेंच बाई “बोंजूर” म्हणतात, आजी “बसा, बसा” म्हणतात. त्या सबंध चौकात शिष्टाचाराने न्याहारी करणाऱ्या एवढ्या दोघीच असतात. काटा-सुरीने क्रोआसाँ कापत बसलेल्या बाकीच्या भारतीयांना याचा पत्ता नसतो.

शहर पाहण्याचा कार्यक्रम थोडक्यात उरकतो. टूथब्रश विसरलेला असल्याने पहिली भेट खरेदीची असते, आणि हजारावर किलोमीटर तुडवून आलेल्या नेहरू नगरवासीयास हॉटेलवाले नेहरू स्ट्रीटला पाठवतात, जी फ्रेंच काळात द्यूप्लेच्या नावाने ओळखली जाई. लाल केपी, म्हणजे दंडगोल टोपी, घातलेल्या पोलिसाबरोबर छायाचित्र होते. समुद्रकाठी “बीच कुठे आहे?” असे विचारल्यावर काळ्या दगडांची रांग दाखवली जाते, कारण बंदराचे बांध झाल्यापासून वाळू इकडे येईनाशी झाली व शहराने किनारा राखण्यासाठी दगड टाकले; अलीकडे थोडी वाळू परत आणली आहे, तीवर सगळे जण रांगेत उभे राहतात. श्रीअरविंदांच्या आश्रमात मौन पाळायचे असते, ते कुटुंबप्रमुख पाळतो. मात्र बाहेर येताच, १९१० मध्ये अरविंद येथे येण्यापूर्वी बडोद्यात त्यांना ध्यान शिकवणारे विष्णु भास्कर लेले ‘आपलेच’, हे तो रिक्षावाल्यासही सांगतो. रिक्षावाला वीस रुपये कमी करत नाही.

संध्याकाळी वाहनांना बंद झालेल्या सागरी रस्त्यावर बाकावर एक वयस्क तमिळ गृहस्थ भेटतात. फ्रेंच राजवटीतल्या काही कुटुंबांनी हस्तांतरानंतर फ्रेंच नागरिकत्व राखले आणि त्यांतले अनेक जण फ्रान्सच्या सैन्यात नोकरी करून आले. हे गृहस्थ त्यांपैकी. परदेशी भाषेत आभार मानायची वेळ आली की भिलाईकराच्या तोंडून, रशियन तज्ज्ञांच्या काळापासून, ‘स्पासिबा’ निघते. ते ऐकून गृहस्थ गोंधळतात, मग हसतात, आणि बोलणे दोन निवृत्तांचे जेथे जायचे तेथे जाते.

“तुमची पेन्शन?”

“पॅरिसहून येते. युरोत.” ते आकडा सांगतात. “आणि तुमची?”

भिलाईकर ईपीएस-९५ योजना समजावू लागतो. ही कामगार-कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन योजना असून तिच्यातून महिन्याला जे मिळते ते ऐकून गृहस्थांना वाटते की हा दिवसाचा आकडा असावा. दुरुस्ती करण्याऐवजी भिलाईकर समुद्राकडे पाहतो.

निघण्याच्या दिवशी हिशेब होतो. बिलात मेणबत्त्यांचे पैसे नसतात, पण मागवलेल्या सगळ्या चहांचे असतात, न आलेल्या एकाचेही. येथे कुटुंबप्रमुखास द्यूप्लेविषयी वाचलेली शेवटची गोष्ट आठवते: फ्रेंच व्यापारी कंपनीच्या लढायांवर त्याने पदरचे पैसे घातले, परत बोलावल्यावर ते मागत राहिला, आणि दावा निकाली न निघताच १७६३ साली पॅरिसमध्ये हलाखीत मेला. बदलीच्या जागेवरून दिलेली टी.ए. बिले लेखाविभागात ज्याने वर्षानुवर्षे शोधली, त्या माणसाच्या डोळ्यांत एका फ्रेंच साम्राज्यवाद्याबद्दल पाणी येते. न आलेल्या चहाचे पैसे तो मुकाट्याने देतो. अभिप्रायाच्या वहीत पत्नी ‘अतिशय सुंदर अनुभव, पुन्हा अवश्य येऊ’ असे लिहिते, कारण वरच्या पानावर दिल्लीच्या दांपत्याने मेणबत्त्यांची स्तुती केलेली असते आणि आपण कमी रसिक ठरणे तिला परवडणारे नसते. नेहरू नगरच्या व्हॉट्सॲप गटावर पिवळी भिंत तर पहिल्याच संध्याकाळी गेलेली असते.

खरा परिणाम दिसतो तो परतल्यावर. कुटुंबाचा नागपूरच्या महाल भागात एक वाडा असतो. त्याला अकरा वारस, चौक, ओलीच्या भिंती, अंधारा जिना आणि अंगणापलीकडे संडास आहे, आणि याच कारणांसाठी तो विकून मोकळे व्हावे असा ठराव होऊन बिल्डरास शब्द गेलेला असतो.

“वाडा विकायचा नाही,” भिलाईहून चुलतभावास फोन जातो.

“काहून? बिल्डर परवा पैसे घेऊन येऊन राहिला.”

“त्याला पिवळा रंग लाव. आणि संडासाला हात लावू नकोस.”

कुटुंबसभा भरते. खोल्यांना भोसल्यांची नावे द्यायची यावर लगेच एकमत होते. रस्त्याकडची गच्चीची खोली ‘रघूजी’, आणि जिन्याखालची, १८१८ साली गादी गमावून परागंदा झालेल्या आप्पासाहेबांच्या नावे. वेलकम ड्रिंक म्हणून पन्हे ठरते. पण ते काचेच्या ग्लासात नव्हे, स्टीलच्या पेल्यात, आणि बाराच्या आत आलेल्यासच मिळेल असे काकू बजावतात. पाहुण्यांनी चपला दिंडी दरवाजाबाहेर काढायच्या. ओसरीवरचा झोपाळा काकांचा. एक ते चार तो हलवायचा नाही, आणि काका तेथून उठणार नाहीत, त्यांना प्राचीन वस्तू समजण्यास त्यांची हरकत नाही. भाडे किती असावे यावर रात्री दहापर्यंत चर्चा होते, आणि मग असे लक्षात येते की अकराही वारसांना स्वागतकक्षात बसायचे आहे, गाद्या घालायला कोणीच तयार नाही.